वाचून सही करणारा

एंडेल गेल्याचं त्याच्या मुलीनं कळवलं. मेल चारच ओळींची होती. वडील पहाटे गेले, फार त्रास झाला नाही. बेटावरचे लोक त्यांच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका काढत आहेत, तिच्यात सिंगापूरचं एखादं पान हवं. शेवटची ओळ अशी होती : "बाबा म्हणायचे, तिथं माझे दोन मित्र झाले. एक सभापती आणि दुसरा त्यांचा मुलगा."

सभापती म्हणजे माझे वडील, आप्पा. त्यांना जाऊन आता दोन वर्षं होतील. मुलगा म्हणजे मी. पण मी एंडेलचा मित्र नव्हतो. तीन वर्षं आम्ही बुकित पंजांगच्या एकाच ब्लॉकमध्ये राहिलो, एकाच विद्यापीठात काम केलं, एकाच लिफ्टनं वर-खाली केलं. आणि त्या तीन वर्षांत मला त्याचा हेवा वाटला नाही असा आठवडा गेला नसेल. मुलीला मी अर्धं पान लिहून पाठवलं. अभ्यासू, साधी राहणी, मितभाषी. असले शब्द कुणालाही चालतात. उरलेलं इथे लिहितो आहे. सावकाश लिहितो आहे, कारण मध्ये मध्ये थांबावं लागतं.

एंडेल हा एस्टोनियाचा माजी मंत्री, तिथल्या एका बेटावरचा. मी ज्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करतो, तिथे तो राज्यकारभार शिकवायला पाहुणा प्राध्यापक म्हणून आला. पहिल्याच दिवशी सभासदत्वाचा फॉर्म घेऊन माझ्या टेबलाशी उभा राहिला. उंच, खांद्यात थोडा वाकलेला, पासष्टीचा माणूस. भुवया इतक्या फिकट की नाहीतच असं वाटावं. फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक टायपात नियम छापलेले असतात. ते कुणी वाचत नाही. यानं खुर्ची ओढली, खिशातून दुसरा चष्मा काढला आणि वाचायला बसला. मागे विद्यार्थ्यांची रांग लागली. बऱ्याच वेळानं मान वर करून म्हणाला, "नियम सहा आणि नियम नऊ, दोन्ही एकदम पाळता येणार नाहीत."

मी म्हटलं, "सहीची जागा खाली आहे."

"दिसली. पण मी कशावर सही करतोय?"

मी फॉर्म ओढून घेतला आणि पाहिलं. त्याचं बरोबर होतं. ते नियम बारा वर्षांपूर्वी मीच लिहिले होते, आणि बारा वर्षांत हजारो लोकांनी त्यांच्याखाली सही केली होती.

त्याची ही सवय पुढे साऱ्या ब्लॉकला माहीत झाली. कुरियरवाला पार्सल घेऊन आला की हा दारात उभा राहून पावतीवरचा मजकूर पहिल्यापासून वाचायचा. कुरियरवाला घाम पुसत इथल्या इंग्रजीत म्हणायचा, "अंकल, ओन्ली साइन, लाह." हा म्हणायचा, "वन मिनिट." ते मिनिट पाच मिनिटांचं असे. मग कुरियरवाल्याला आत बोलावून पाणी द्यायचा.

विद्यापीठानं त्याला कॅम्पसजवळ चकचकीत फ्लॅट दिला होता. तो त्याला नको होता. "तिथं खिडकीतून दुसरी खिडकी दिसते," म्हणाला. "मला जंगल लागतं. मी जंगलात शिरलो नाही की दुपारपर्यंत माझ्याशी कुणी बोलू नये." मी सहज म्हणून गेलो की आमच्याकडे मागे जंगल आहे, आणि आमच्याच ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट भाड्यानं द्यायचा आहे. त्याला आमच्याकडच्या एलआरटीचं, त्या ड्रायव्हरविना चालणाऱ्या छोट्या गाडीचं, फार कौतुक वाटलं. एक माजी मंत्री आमच्या ब्लॉकमध्ये राहायला येतो म्हणून मी घरी जरा ऐटीतच सांगितलं. म्हणजे त्याला आणला तो मीच.

आता आप्पांबद्दल थोडं सांगायला हवं.

आप्पा माणदेशातल्या आमच्या तालुक्याच्या पंचायत समितीचे सभापती होते. आमच्या घराचं दार कधी लागलेलं मी पाहिलं नाही. सकाळी चहा घेताना आप्पा कोऱ्या लेटरपॅडचा गठ्ठा पुढ्यात घेत आणि प्रत्येक पानाच्या खाली सही करून ठेवत. शिफारस लागली, दाखला लागला, टँकर हवा असला, तर सभापती दौऱ्यावर आहेत म्हणून कुणाचं काम अडायला नको. वर मजकूर भरला की झालं. तेव्हा सगळेच पुढारी असं करत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, उलट हा मोठ्या मनाचा पुरावा मानला जाई. तो गठ्ठा नामदेवकाका घेऊन जात. नामदेवकाका समितीच्या कचेरीत कारकून होते. दर शनिवारी ते त्याच पिशवीतून माझ्यासाठी तालुक्याच्या वाचनालयातली दोन पुस्तकं आणत. मी आज पुस्तकांत नोकरी करतो त्याचं मूळ त्या पिशवीत आहे.

मग एका उन्हाळ्यात नामदेवकाका यायचे थांबले. त्याच सुमाराला आप्पांनी राजकारण सोडलं. "राजकारण नासलं, म्हणून आप्पा बाजूला झाले," असं आमच्या घरात म्हटलं जाई, आणि मीही ते अभिमानानं सांगत आलो. पण नामदेवकाकांचं काय झालं, हे मी विचारलं की आप्पा म्हणत, "त्याची बदली झाली." मोठा झाल्यावर विचारलं, तेव्हाही तेच. सिंगापूरला आणल्यावर एकदा विचारलं, तर म्हणाले, "तुला दुसरा विषय नाही का रे, अवि?"

आई गेल्यावर मी त्यांना इकडे आणलं. इथे ते कुणी नव्हते. खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये, लिफ्टमध्ये, दवाखान्यात ते 'अंकल' होते. टी-शर्ट घालून ते टीव्हीसमोर बसत. मी त्यांना मराठी पुस्तकं आणून दिली, ती त्यांनी टीपॉयवर नीट रचून ठेवली. रोज संध्याकाळी कामावरून आलो की मी त्यांच्याशेजारी बसायचो आणि आमच्यात बोलण्यासारखं काही निघायचं नाही.

एंडेल राहायला आला त्या रविवारी आम्ही दोघं बाजारातून परतत होतो आणि तो लिफ्टपाशी उभा होता. मी ओळख करून दिली, "माझे वडील." तब्येत कशी आहे, किती दिवस राहणार, असं लोक विचारतात. यानं वाकून विचारलं, "आणि आपण, सर? आपल्याकडे कोणतं पद होतं?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तुम्ही काय करायचात विचारतोय."

"कळलं मला," आप्पा म्हणाले, आणि मग थेट त्याला : "पंचायत समिती. सभापती. स्मॉल मिनिस्टर. तालुका मिनिस्टर."

"किती गावं?"

"एटी-फोर."

"पाणी?"

"नो वॉटर."

"मग स्मॉल कसं?" एंडेल म्हणाला. "माझ्या खात्यात सगळीकडे पाणीच पाणी होतं. माझं काम सोपं." आणि आमचा आठवा मजला येईपर्यंत तो तोंडातल्या तोंडात घोळवत राहिला : स-भा-प-ती. सभा-पती. सभापती.

त्या दिवसापासून तो आप्पांना सभापतीच म्हणायचा. आप्पा त्याला एंडेलराव म्हणत. दुसऱ्या दिवशी कामावर निघालो तर आप्पा म्हणाले, "माझा पांढरा शर्ट काढून ठेव. आणि पेन दे एक, शाईचं." मी गेली चार वर्षं त्यांना पांढरा शर्ट घाला म्हणत होतो.

ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, सिमेंटचं एक गोल टेबल आहे, त्यावर बुद्धिबळाचा पट कोरलेला. तिथं दोघं बसत. आप्पांकडे थर्मासमधला चहा, एंडेलकडे त्यानं स्वतः भाजलेला काळा पाव. राय नावाच्या धान्याच्या पिठाचा तो आंबूस, जड पाव आम्हा कुणाच्या घशाखाली उतरत नसे. आप्पांनी त्यावर शेंगदाण्याची चटणी घालून खाल्ला आणि जाहीर केलं, "ज्वारीची शिळी भाकरी लागते तसं लागतंय." मग एंडेलला चटणीचा नाद लागला. तो डबा घेऊन आमच्या दारात उभा राहायचा आणि म्हणायचा, "सभापतींचं अनुदान संपलं."

आप्पांकडे इंग्रजीचे शंभरेक शब्द होते. एंडेलला मराठी येत नव्हती. पण तो कमी बोलणाऱ्या लोकांतला. गप्प बसणं हा त्याच्याकडे संभाषणाचाच प्रकार होता. मी आठव्या मजल्याच्या कॉरिडॉरमधून खाली पाहायचो. तास तास दोघं शेजारी शेजारी बसून असत. एकदा न राहवून मी आप्पांना म्हटलं, "काय बसता हो नुसते?"

"नुसते कुठं? बोलत होतो."

"मी वरून पाहत होतो. दोघांनीही तोंड उघडलं नाही."

"तुला वरून काय ऐकू येणार?"

माझी मुलगी इरा तेव्हा चौदाची होती. तिनं पुस्तकातून डोकं वर न काढता सांगून टाकलं, "बाबा, यू आर सो जेलस, लाह."

होतो. आणि एका बाजूनं नव्हतो. मी त्याच्या व्याख्यानाला एकदा मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. टाय नाही, स्लाइड नाहीत; सभागृह भरलेलं. "मी तीन वेळा मंत्री झालो," त्यानं सुरुवात केली. "दोन वेळा सरकार पडलं. तिसऱ्या वेळी मीच पडलो." मुलं हसली. मी त्याच्याबद्दल शोधून वाचलं होतं. जुन्या फोटोंत लोकरी स्वेटर घातलेला एक तरुण शाळामास्तर ट्रकच्या मागच्या फळीवर उभा राहून बोलतो आहे आणि खाली सगळं बेट उभं आहे. त्याच्या लहानपणी त्याच बेटाच्या किनाऱ्यावर संध्याकाळी जायला बंदी होती. तेव्हाच्या परक्या राजवटीचे सैनिक वाळूवर दाताळं फिरवून ठेवत, कुणाची पावलं उमटली तर कळावीत म्हणून. तिथला मुलगा पुढे त्या देशाचा मंत्री झाला, बेटांना बोटी आणि रस्ते दिले, आणि इथे येऊन माझ्या वडिलांच्या शेजारी बसला. मी आयुष्यात ट्रकवर चढलो नाही. माझं म्हणणं ऐकायला कधी चार माणसं थांबली नाहीत. ते मला चाललं असतं. पण एक माणूस थांबायला हवा होता.

आमच्या ब्लॉकशेजारी आठवड्यातून एकदा संध्याकाळी इथल्या खासदारांची बैठक असते. लोक अडचणी घेऊन येतात : घराचा अर्ज, मुलाची शाळा, इथे राहण्याचा एखादा पास. स्वयंसेवक लोकांचं ऐकून पत्र लिहितात आणि खासदार त्यावर सही करतात. हे आप्पांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. "म्हणजे आपला दरबारच की!" त्यांनी एंडेलला ओढलं, आणि सोबत मलाही, दुभाष्या हवा म्हणून. आम्ही तिघं काहीही काम नसताना मागच्या खुर्च्यांवर जाऊन बसलो.

दोघा माजी पुढाऱ्यांनी परीक्षकांसारखी टीका चालवली होती. "रांग चुकीची लावलीय," आप्पा म्हणाले, "म्हाताऱ्यांना पुढं घ्यायला पाहिजे." एंडेलनं मान हलवली. "तो निळ्या शर्टवाला चांगला आहे. लिहिण्याआधी पेन खाली ठेवतो." तेवढ्यात खासदार आल्या. त्या बसल्या, समोर पत्रांची चळत. त्यांनी एक पत्र उचललं, पूर्ण वाचलं, एका वाक्याखाली रेघ मारून परत पाठवलं. दुसरं वाचलं, सही केली. तिसरं वाचलं.

आप्पांनी मला विचारलं, "सगळी वाचून सही करणार ही?"

"असं दिसतंय."

"इतकी?"

बैठक अर्धी झाली तेव्हा आप्पा उठून बाहेर गेले. आम्ही मागोमाग गेलो तर ते आपल्या नेहमीच्या टेबलाशी बसले होते, दोन्ही तळवे त्या कोरलेल्या पटावर ठेवून.

एंडेल शेजारी बसला. जरा वेळानं त्यानं पाकिटातून एक कार्ड काढून टेबलावर ठेवलं. त्यांच्या देशात प्रत्येकाकडे असं ओळखपत्र असतं. ते यंत्रात घालून आपला गुप्त आकडा टाकला की ती सही. मंत्र्याचा हुकूमसुद्धा तसाच निघतो. मी आप्पांना सांगत गेलो आणि तो बोलत गेला.

तो तिसऱ्यांदा मंत्री होता. बेटावर गवताची कापणी चालली होती आणि तो तिकडे गेला होता. कार्ड ऑफिसच्या खणात राहिलं. एका रस्त्याच्या मंजुरीवर त्याच संध्याकाळपर्यंत सही हवी होती. त्यानं सहायकाला फोनवर आकडा सांगितला. सहायकानं कार्ड घातलं, आकडा टाकला, सही झाली. रस्ता चांगला होता, मंजुरी योग्य होती, कुणाला पत्ता लागला नाही. दोन आठवड्यांनी त्यानं स्वतः पंतप्रधानांना सांगितलं. त्यांनी गप्प बसायचा सल्ला दिला. मग त्यानं पत्रकार बोलावले आणि चार वाक्यांत सांगितलं. सहायकाचं नाव घेतलं नाही. कार्ड माझं, आकडा माझा, एवढंच म्हणाला. त्यानंतर तो निवडणुकीला उभा राहिला नाही.

आप्पांनी विचारलं, "कुणाला कळलं नव्हतं ना?"

"नाही."

"मग सांगितलंत कशाला?"

एंडेल म्हणाला, "त्या दोन आठवड्यांत मी कितीतरी सह्या केल्या. स्वतःच्या हातानं. पण त्या माझ्या वाटेनात. कुणीतरी माझ्या नावानं करतोय असं वाटायचं."

हे मी मराठीत सांगितलं. आप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाले, "अवि, तू वर जा. इरा एकटी असेल."

इरा एकटी नव्हती. माझी बायको वृंदा बँकेतून परत आली होती. आप्पांना ते माहीत होतं. मी वर गेलो. कॉरिडॉरमधून पाहिलं : आप्पा बोलत होते. दुभाष्याशिवाय, हातवारे करून, त्या शंभर शब्दांत. मधूनच त्यांनी हवेत सही केल्यासारखा हात फिरवला. एंडेल ऐकत होता. दोन्ही कोपर टेबलावर, डोकं खाली. मी आठ मजले वर उभा होतो, आणि मला आयुष्यभर हवं होतं ते खाली कुणा दुसऱ्याला मिळत होतं, हे मला तेव्हाच कळलं.

पुढच्या आठवड्यात इरा म्हणाली, "आजोबा मिनिस्टरबरोबर पोस्ट ऑफिसला गेले होते." मी आप्पांना विचारलं. "काम होतं," ते म्हणाले. लिफ्टमध्ये एंडेलला गाठून विचारलं, "तुम्ही दोघं काय बोलता एवढं?"

"दोन माजी माणसं काय बोलणार? रस्ते."

"पोस्टात काय होतं?"

त्यानं आकड्यांकडे पाहिलं. आठ आला. दार उघडलं. "ते सभापतींना विचारा," तो म्हणाला. रागानं नाही, उलट कुणी पत्ता सांगावा तसं.

मी नाही विचारलं. वाट पाहिली. आप्पा रोज सकाळी खाली जाऊन पत्रपेटी उघडू लागले. कधी एंडेलही सोबत असे. पेटीत जाहिराती असत. दोघं त्या बारकाईनं पाहून कचऱ्यात टाकत.

पाचव्या आठवड्यात आप्पा दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

मंडाईच्या स्मशानात एंडेल काळा लोकरी कोट घालून आला. बाहेर नेहमीसारखं रटरटत होतं. एरवी तो म्हणायचा, तुमचा अख्खा देशच सौना आहे आणि तुम्ही त्यातून पळून एसीत बसता. त्या दिवशी घाम त्याच्या कानांवरून ओघळत होता आणि त्यानं कोटाचं एक बटणही काढलं नाही. सगळे पुढं होऊन फुलं वाहत होते. तो गेला, ताठ उभा राहिला आणि स्वच्छ उच्चारात म्हणाला, "सभापती." मग तो रडला. आवाज न करता, चेहरा न झाकता. मला रडू येत नव्हतं. मला त्याच्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला.

आठवड्यानं मी अकराव्या मजल्यावर गेलो. त्याच्या घरात फर्निचर जवळजवळ नव्हतंच. त्यानं पाव कापला, कोपी, म्हणजे इथली कॉफी, ठेवली. मी उभ्यानंच म्हटलं, "त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मला हवंय. मी त्यांचा मुलगा आहे."

"हो."

"तुम्ही त्यांना ओळखत तरी किती दिवस होतात?"

"थोडेच."

"मग मला का नाही सांगितलं?"

तो खुर्चीत बसला. "त्यांनी माझ्यासमोर पत्र लिहिलं. त्या टेबलावर, तीन दिवस लागले. मी बाजूला बसलो होतो. मला त्यातलं अक्षर वाचता येत नव्हतं. तुम्हाला आलं असतं." मग म्हणाला, "तुमच्यासमोर त्यांना ते लिहिता आलं नसतं. तुम्ही त्यांच्यावर पुस्तकावर ठेवावा तसा विश्वास ठेवला होता, असं म्हणाले ते."

"पण ते काय होतं?"

"ते त्यांच्या सहीनं गेलं आहे. माझ्या तोंडून निघालं तर ते पुन्हा दुसऱ्यानं केलेलं होईल."

मी कोपी न पिता खाली आलो.

उत्तर आलं ते त्यानंतर काही दिवसांनी. पत्रपेटीची किल्ली आता माझ्याकडे होती. जाड पाकीट, भारतातलं तिकीट, मागे नाव : नामदेव. मी ते तिथंच, पेट्यांच्या समोर उभा राहून वाचलं. म्हाताऱ्या हाताचं अक्षर होतं, पण सरळ ओळीत.

"साहेबांना नमस्कार. तुमचं पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग पोराला वाचून दाखवलं. टँकर वस्तीवर न जाता डाळिंबाच्या बागेकडं वळवला, त्या कागदावरची सही तुमचीच होती, कोऱ्या लेटरपॅडवर केलेली, असं तुम्ही तुमच्या हातानं लिहिलंत. चौकशीत मी हेच सांगत होतो. तुम्ही म्हणालात, सही खोटी आहे, नामदेवनं केली. साहेब म्हणतात म्हणजे खरंच असणार, असं सगळ्यांना वाटलं. माझ्या बायकोलासुद्धा काही दिवस वाटलं. पोरगा म्हणतो, आता या कागदाचा काय उपयोग, नोकरी तर तेव्हाच गेली. मी म्हटलं, मला आहे. तुमच्या पत्राला मी प्लॅस्टिकचं कव्हर घातलंय. रोपवाटिका बरी चाललीय. तब्येतीला जपा. अवि अजून वाचतो का?"

आप्पांच्या मृत्यूनंतर मी पहिल्यांदा रडलो तो तिथं, जाहिरातींच्या कचराडब्याजवळ.

नामदेवकाकांना मी लिहिलं. त्यांनी मला लिहिलं. ते चालू आहे. पण एंडेलला मी सांगितलं नाही. दोनदा पत्र घेऊन अकराव्या मजल्यापर्यंत गेलो आणि दार न वाजवता उतरलो. त्याला मराठी वाचता येत नव्हतं; हे पत्र त्याच्यापर्यंत नेऊ शकणारा जगात मी एकटाच होतो. आप्पांचं सगळं त्याच्याकडे होतं. एवढं माझ्याकडे राहू दे, असं मला वाटलं. मी स्वतःला सांगितलं की सवड झाली की सांगू.

मग त्याची मुदत संपली. गवताच्या कापणीला बेटावर पोचायचं होतं. फार सामान नव्हतं. एक बॅग, आणि पिशवीत वृंदानं दिलेली शेंगदाण्याची चटणी. स्टेशनपर्यंत मी सोबत गेलो. प्लॅटफॉर्मवर आम्ही त्याच्या पद्धतीनं गप्प उभे होतो. गाडी येताना दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "सभापतींच्या पत्राला उत्तर आलं का?"

पत्र माझ्या बॅगेत होतं. बॅग माझ्या खांद्यावर होती.

"नाही," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. "पत्रांना वेळ लागतो. आलं तर मला कळवाल?"

"हो."

आलं, हे मी त्याला कळवलं नाही. पहिल्या महिन्यात लाज वाटली, नंतर लाजेवर लाज चढत गेली, आणि आता त्याच्या मुलीची मेल आली आहे.

काल मी नामदेवकाकांच्या पत्राचं इंग्रजी केलं. सगळ्या ओळी ठेवल्या, शेवटचा प्रश्नसुद्धा. खाली लिहिलं की हे पत्र तुमच्या वडिलांच्या सोबतीमुळे आलं, ते ज्या दिवशी निघाले त्याच्या आधी आलं होतं, आणि त्यांनी विचारल्यावर मी नाही म्हटलं. मुलीला कळवलं आहे की आधी पाठवलेलं अर्धं पान छापू नये, हे छापावं. पाठवण्याआधी पहिल्यापासून पुन्हा वाचलं. मग सही केली.

ड्रायव्हर नसलेल्या त्या गाडीत एंडेल नेहमी सगळ्यात पुढच्या काचेशी उभा राहायचा, लहान मुलासारखा, समोरून रूळ येताना पाहत. निघाला त्या दिवशी मात्र आत शिरल्यावर तो बॅग ओढत उलट्या दिशेनं गेला आणि मागच्या काचेशी येऊन थांबला. दारं मिटली. गाडी निघाली. झाडांच्या शेंड्यांवरून ती वळेपर्यंत त्याचा उंच, वाकलेला आकार काचेत दिसत होता. त्यानं हात हलवला नाही. तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला, एखादा कागद पूर्ण वाचून होईपर्यंत पाहावं तसा.